शाळांचा ताबा कुणाकडे? पुण्याच्या नगरसेवकांना एका पालकाचं खुलं पत्र

प्रति,
सर्व नगरसेविका आणि नगरसेवक, पुणे महानगरपालिका,
तसेच मा. महापालिका आयुक्त

सप्रेम नमस्कार.

मी पर्वती पायथ्याला राहते आणि शिवणकाम करते. माझी दोन्ही मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. त्यातली चार वर्षं मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची, म्हणजे बहुतेक पालकांच्याच असलेल्या समितीची, अध्यक्ष होते. धाकटी गेल्या वर्षी तिथून बाहेर पडली, त्यामुळे आता माझं स्वतःचं तिथे काही अडलेलं नाही. तरी लिहिते आहे, कारण तुम्ही नुकतेच निवडून आला आहात आणि सुरुवातीच्या महिन्यांत जी घडी बसते तीच पुढे पाच वर्षं चालते.

१४ मार्च २०२२ ला मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि नव्यासाठी मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होते. म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं मूल चौथीत पोचलं, तरी त्याच्या शाळेबद्दल भर सभेत उभा राहून प्रश्न विचारील असा एकही माणूस महापालिकेत नव्हता. आता ४१ प्रभागांतून तुम्ही १६५ जण आला आहात. पूर्वी महापालिकेच्या शाळा नगरसेवकांनी निवडलेलं शिक्षण मंडळ चालवायचं; ‘ते शिक्षण मंडळ परत आणा’ म्हणणारे मला भेटतात. ‘अधिकाऱ्यांच्या हातात आहे तेच बरं’ म्हणणारेही भेटतात. दोघांचंही मी नीट ऐकून घेतलं आहे. माझं मत असं की, शाळांचा कारभार निवडून आलेल्या सभागृहाकडेच असावा. पण ज्यांची मुलं त्या शाळांत शिकतात त्यांना त्या कारभारात बसायला जागा आणि मोजलं जाणारं मत मिळावं. सभेला बोलावून चहा पाजला आणि सह्या घेतल्या, एवढ्यावर भागू नये.

आज ताबा नक्की कुणाकडे आहे, हे एका वाक्यात कुणालाच सांगता येत नाही. तिसरीतली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिला शिकवायला येणाऱ्या नव्या बाई पवित्र पोर्टलवरच्या भरतीतून येतात, म्हणजे राज्य सरकारकडून. तिचा अभ्यासक्रम ठरतो सदाशिव पेठेत, एससीईआरटी म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत. पुस्तक येतं सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीकडून. डोक्यावरचं छत महापालिकेचं आणि विजेचं बिलही महापालिकाच भरते. पण छत गळायला लागलं की ते काम शिक्षण विभागाचं राहत नाही, बांधकामाच्या खात्याकडे जातं. दुपारच्या जेवणाची योजना केंद्र आणि राज्याच्या पैशांतून चालते. शिक्षण विभागाचे अधिकारी राज्याकडून प्रतिनियुक्तीवर येतात आणि बदली झाली की जातात. काही शाळा तर पालिकेच्या इमारतीत आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था चालवतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिथे शिकलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत. पण एवढ्या सगळ्या हातांमध्ये त्या मुलीच्या आईचा हात कुठे आहे?

राज्याच्या शिक्षणाचा बराचसा कारभार चालतो तोही पुण्यातूनच. शिक्षण आयुक्तालय इथे, दहावी-बारावीचं राज्य मंडळ इथे, परीक्षा परिषद इथे, बालभारती इथे. रिक्षा केली तर दिवसभरात मी या सगळ्या दारांत उभी राहून येऊ शकते. पण माझ्या मुलांच्या शाळेचा शेवटचा शब्द यांतल्या कुठल्या दारामागे आहे, हे मला चार वर्षं अध्यक्ष असून कळलं नाही.

आमच्या समितीत एक निवृत्त गुरुजी होते, शिक्षणतज्ज्ञ म्हणून घेतलेले. शाळांवर मालकी कुणाची हा वाद पुण्यात किती जुना आहे, हे मला त्यांनी सांगितलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे केली होती. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यासाठी विधेयकच मांडलं. गोखले त्याआधी पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते, आणि त्या विधेयकात नगरपालिकेत काम केलेला माणूस दिसतो. सक्ती कुठे आणि केव्हा लागू करायची हे ठरवण्याचा हक्क त्यांनी नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांच्या हातात ठेवला होता. १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पण विचार पडला नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तो हक्क मिळाला, आणि १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभारच स्थानिक संस्थांकडे आला. मग १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला. शिक्षण मंडळाचे सदस्य नगरसेवकांनी निवडायचे आणि प्रशासन अधिकारी सरकारने नेमायचा, अशी ती रचना होती. एका गाडीला दोन चालक, असं गुरुजी म्हणायचे.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर २०१३ मध्ये राज्याने १९४७ चा कायदा रद्द करून मंडळं मोडीत काढली. पुण्याचं मंडळ त्यानंतरही काही काळ तगलं, मग त्याचं काम महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे गेलं. मुंबईत मात्र १८८८ च्या त्यांच्या कायद्यानेच शिक्षण समिती आहे, ती आजही वैधानिक आहे. पुण्याला तसं काही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार प्राथमिक शिक्षण हे आपल्या महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, पण ते पार पडतं की नाही हे बघणारी जागाच रिकामी आहे.

मंडळ होतं तसं परत आणू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मंडळावर जाणं म्हणजे ज्याला नगरसेवकपदाचं तिकीट मिळालं नाही त्याची सोय, असं आमच्या वस्तीत सगळे उघड बोलायचे. त्या काळात शाळांची चर्चा व्हायची ती बहुतेक खरेदीची: स्वेटर, रेनकोट, दप्तरं. मुलाला वाचता येतं का, हा विषय सभेत शेवटी यायचा किंवा यायचाच नाही. मंडळ गेलं तेव्हा मला स्वतःला बरं वाटलं होतं.

पण नंतर जे आलं त्यात आम्हाला धरायला काहीच उरलं नाही. मंडळाचा सदस्य निदान आमच्या गल्लीत राहायचा. दूध आणायला गेलं की दिसायचा, लग्नात भेटायचा, त्याला अडवून विचारता यायचं. अधिकारी मनाने कितीही चांगला असो, आणि मी फार चांगले अधिकारी पाहिले आहेत, तो वस्तीला उत्तर द्यायला बांधलेला नसतो. तो वरच्याला उत्तर देतो, आणि वरचा मंत्रालयाला.

आता एक उदाहरण, माझ्या धंद्यातलं. चौथीच्या एका वर्गातल्या पोरांची मापं घेतली तर छाती २२ इंचांपासून ३० इंचांपर्यंत जाते. त्याच वयाची, त्याच बाकावर बसणारी पोरं. कुणी अशक्त, कुणी दोन वर्षं उशिरा शाळेत घातलेलं. म्हणून गणवेश शिवताना आम्ही माया सोडतो: शर्टाच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच, स्कर्टाच्या दुमडीत दोन इंच. मूल वाढलं की दिवाळीच्या सुट्टीत टीप उसवायची, माया सोडवायची, पुन्हा टीप मारायची. एक गणवेश दोन वर्षं जातो. आता २०२४-२५ मध्ये राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला. कापड वरून यायचं, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून. ज्या बायांनी ते शिवलं त्यांना मी दोष देणार नाही, त्या माझ्याच धंद्यातल्या आहेत. पण राज्यभर गणवेश उशिरा पोचले, पुष्कळ ठिकाणी ते मापाला बसले नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. सरकारने चूक मान्य करून ती दुरुस्त केली, हे मी मनापासून चांगलं मानते. पण ते कापड एकदा एखाद्या शाळेतल्या आयांसमोर ठेवलं असतं, तर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, माया किती सोडणार?

आणि समितीच्या हातात पैसा आणि अधिकार दिला तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान येतं, पटाप्रमाणे १० हजारांपासून १ लाखापर्यंत. ते शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात येतं, मुख्याध्यापक आणि अध्यक्ष दोघांची सही लागते. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीखाली सहा नळ होते, त्यांतले तीन गळत होते. मधल्या सुट्टीत खाली चिखल व्हायचा, पहिलीच्या पोरी घसरायच्या. समितीत एका मुलाचे वडील प्लंबर होते. सभा झाली शनिवारी. त्यांनी नळ, वायसर, टेफ्लॉन टेप, जरा पुढे आलेला सिमेंटचा ओटा, सगळ्याचा हिशोब वहीच्या पानावर मांडला. सोमवारी मी आणि मोठ्या बाईंनी चेकवर सही केली आणि बुधवारी मुलं कोरड्या जागी उभी राहून पाणी पीत होती. मजुरी त्यांनी घेतली नाही. ते वहीचं पान अजून शाळेच्या फायलीत आहे, पावत्या त्याला टाचलेल्या आहेत. ज्या कामाला आमची सही पुरेशी होती ते काम असं झालं.

आता नेहमीचा प्रश्न. या पालकांना काय कळतं? धुणीभांडी करणाऱ्या बाया, रिक्षावाले, सेंटरिंगची कामं करणारे. यांना शाळा चालवायला द्यायची? हे मला सभ्य शब्दांत खूपदा विचारलं गेलं आहे, म्हणून सभ्य शब्दांतच उत्तर देते. अभ्यासक्रम आम्ही ठरवणार नाही, तो जाणकारांनी ठरवावा. शिक्षकांची पात्रता आम्ही तपासणार नाही. पण मुलगी घरी येऊन काय वाचते आणि काय वाचू शकत नाही, हे रात्री तिच्याजवळ बसणाऱ्या आईला कळतं, तिला स्वतःला वाचता येत नसलं तरी. आमच्या समितीत एक आई होत्या, चार घरची पोळीभाजी करायच्या. पहिल्या तीन सभांना गप्प बसल्या. चौथ्या सभेत त्या म्हणाल्या, “माझी पोरगी पाचवीत आहे आणि शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. का, ते विचारा.” विचारलं. मोठ्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. त्या पोरी जायचंच टाळायच्या, म्हणून पाणी प्यायच्या नाहीत. कडी ४० रुपयांची होती. तपासणीच्या तक्त्यात ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह: होय’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खरंच होतं.

आणि त्या बाईंना सभेला यायला काय पडायचं, तेही सांगते. सभा सकाळी अकराला. म्हणजे दोन घरचा खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात, आणि महिन्यात दोन खाडे झाले तर काम सुटतं. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. कागदावर त्या असतात. त्यांना खरोखर बसवायचं असेल तर सभा रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्या आणि बुडालेल्या मजुरीपोटी बैठक भत्ता द्या. नगरसेवकांना मानधन मिळतं ते योग्यच आहे, मग याही बाईंचा वेळ मोलाचा धरा.

अमेरिकेतल्या शिकागो शहराची गोष्ट गुरुजींनी मला वाचायला दिली होती. तिथे १९८८ मध्ये प्रत्येक सरकारी शाळेला स्वतःची निवडून आलेली परिषद मिळाली, त्यात सर्वांत जास्त जागा पालकांच्या, आणि मुख्याध्यापक निवडायचा हक्कही त्या परिषदेला. १९९५ मध्ये कायदा बदलून शहराच्या सगळ्या शाळा महापौरांच्या हातात दिल्या गेल्या; निदान जबाबदार कोण हे तरी कळेल, असा विचार होता. त्या विचारात तथ्य आहे. पण २०१३ मध्ये तिथे एका फटक्यात सुमारे ५० शाळा बंद झाल्या, तेव्हा महापौरांनी नेमलेल्या मंडळाला आई-बापांचं ऐकणं भाग नव्हतं. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी पहिल्यांदा मंडळाचे काही सदस्य थेट निवडले, आणि २०२७ पासून २१ जणांचं सगळं मंडळ निवडून आलेलं असणार आहे. त्या शहराला फिरून तिथे यायला तीस वर्षं लागली. आपण तो वळसा टाळू शकतो.

म्हणून माझं मागणं. महानगरपालिका अधिनियमात विशेष समित्या नेमायची सोय आहे, महिला व बालकल्याण समिती तशीच चालते. तशी शिक्षणासाठी समिती नेमा. शहरात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाच्या हद्दीतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपल्यातून एक पालक निवडावा आणि हे १५ पालक, त्यांत निम्म्याहून कमी बायका नकोत, त्या समितीत बसावेत. त्यांना पूर्ण मत द्यायचं तर राज्याकडे कायद्यात दुरुस्ती मागावी लागेल. ती मागणारा ठराव तुम्ही करा. दुरुस्ती येईपर्यंत निदान एवढं ठरवा की शाळांचा कोणताही विषय या १५ जणांपुढे गेल्याशिवाय मुख्य सभेत येणार नाही आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नावानिशी लिहिलं जाईल. एखादी शाळा बंद करायची, दुसऱ्या शाळेत मिळवायची किंवा संस्थेला चालवायला द्यायची असेल, तर आधी त्या शाळेच्या पालकसभेचा ठराव हवा. बदल्या आणि खरेदी मात्र तुमच्याही हातात नको आणि आमच्याही नको. बदली नियमाने व्हावी, खरेदी उघड निविदेने.

आणि पैशाचं. २०२५-२६ चं महापालिकेचं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचं होतं. त्यातले आपल्या शाळेच्या दारात किती आले, हे पुण्यातल्या एकाही आईला सांगता येणार नाही. शाळेच्या फलकावर सुविचार लिहितात त्याच्या शेजारी खडूने लिहा: यंदा या शाळेवर दुरुस्तीला इतके, साहित्याला इतके, सुरक्षारक्षकाला इतके. एवढं वाचायला अडीचशेच्या वर शाळांतले पालक थांबतील, मी खात्रीने सांगते.

समाविष्ट गावांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे, पण दोन शब्द. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३ आली, आणि त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळा. गावात शाळेचं काही अडलं तर लोक ग्रामसभेत उभे राहत, सरपंचाला पारावर गाठत. ते दार बंद झालं आणि नवं कुठलं हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. निवडायच्या पहिल्या पालकांत त्या गावांतले घ्या.

शिवदर्शनची राजीव गांधी ई-लर्निंग शाळा एका नगरसेवकाच्या पाठपुराव्यातून उभी राहिली, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तुमच्यातल्या एकाने मनावर घेतलं तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शाळा व्यवस्थापन समितीत एक जागा स्थानिक संस्थेच्या लोकप्रतिनिधीची असते. मधल्या चार वर्षांत त्या खुर्चीवर बसायला कुणी निवडून आलेलंच नव्हतं. आता तुम्ही आहात. शाळा आणि तुमची संख्या पाहता एकेकाच्या वाट्याला एक नाहीतर दोन शाळा येतात. जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकसभा लागतील. तुमच्या प्रभागातल्या शाळेची कधी आहे, ते मोठ्या बाईंना किंवा मोठ्या गुरुजींना आताच विचारून ठेवा. हार-नारळ नको म्हणून आधी कळवा. वेळेवर या आणि मागच्या ओळीत, मुलांच्या बाकावर, एखाद्या आईच्या शेजारी बसा. ती पहिल्या सभेत काही बोलणार नाही. दुसऱ्या सभेलाही या.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक माजी अध्यक्ष
पर्वती पायथा, पुणे